आबांचे ओट्स

आमच्या मेडशीत सोयाबीन पिकतं, तूर पिकते, हरभरा पिकतो. ओट्स पिकत नाहीत. तरीही वहिनीनं घरी साबण करायला घेतला तेव्हा तेलाच्या आधी ओट्सची सोय झालेली होती, कारण डॉक्टरांनी आबांना कोलेस्टेरॉलसाठी लिहून दिलेला पुडा फडताळात तसाच पडून होता. "घोड्याचं खानं मले कायले?" एवढा एकच अभिप्राय देऊन आबांनी त्याला तिथं ठेवलं होतं.

वहिनीचं प्रमाण चोख. ३५० ग्रॅम सोयाबीन तेल, १५० ग्रॅम खोबरेल, ७१ ग्रॅम कॉस्टिक सोडा. नुसत्या सोयाबीनचा साबण मऊ पडतो. कडकपणा आणि फेस खोबरेलाचा. पाण्यात कॉस्टिक सोडायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, नाहीतर ते उसळून अंगावर येतं. आईनं प्रेमानं पुढे केलेला जर्मनचा गंजही वहिनीनं परत केला. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि वर हायड्रोजन सोडतं, हे तिनं समजावलं. आई म्हणाली, "भांडे खानारं आजवर या घरात कोनी आलं नव्हतं बाप्पा."

मिश्रण दाट झालं, पळीनं सोडलेली धार वर रेघ धरून राहिली, की ओट्स घालायचे. तेही मिक्सरमधून मैद्यासारखे काढून; जाडेभरडे राहिले तर अंग धुतलं जात नाही, खरवडलं जातं.

आबा त्या दिवशी स्वतःहून स्वयंपाकघरात आले. सुनेच्या कलागुणांबद्दल त्यांना इतकी आस्था यापूर्वी दिसली नव्हती. पुडा त्यांनीच आणून दिला. वहिनीनं त्यातले थोडे ओट्स दळून एक मोठा चमचा पीठ घेतलं आणि पुडा बंद केला.

"एवढंच?"

"अर्ध्या किलो तेलाला एवढंच पुरतं, आबा."

"टाक वं दोन वाट्या. आपल्या घरी काय कमी हाय?"

दोन वाट्यांनी साबणाचा भुगा होईल, हे त्यांना पटलं नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनानं बारीक दळलेल्या ओट्सला त्वचारक्षक म्हणून २००३ मध्ये मान्यता दिली, ही माहिती आबांनी माझ्याकडून काढून घेतली आणि पारावर नेऊन सांगितली. खरं तर ती मान्यता अंगावर राहणाऱ्या लेपाची नि न्हाणीच्या पाण्याची. साबणातलं पीठ मिनिटभरात मोरीत जातं. त्यानं कांती उजळण्यापेक्षा मोरीच उजळण्याची शक्यता जास्त. शिवाय दिवाळीला उटणं आणि एरवी डाळीचं पीठ लावणाऱ्या आपल्या लोकांनी धान्यानं आंघोळ करायला परदेशी धान्य शोधावं, हेही मला जरा विनोदी वाटतं. पण आबांपुढे हे बोलायची सोय नव्हती.

वड्या चार ते सहा आठवडे सुकायला लागतात. आबा रोज उलटून बघत, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आगाऊ मागणी घेऊन येत. मागणी वाढली की घाणे वाढतील, घाणे वाढले की पुडा संपेल, असा हिशेब.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "ओट्स चालू आहेत ना?"

"रोज सकाळी, न चुकता," आबा म्हणाले. शब्द न शब्द खरा होता.

आई मात्र शेजारीच बसली होती. दुसऱ्या दिवसापासून तिनं नाश्त्याला गव्हाचा दलिया सुरू केला. आबांनी ताटलीकडे बराच वेळ पाहिलं, मग वहिनीला हळूच हाक मारली.

"पोरी, दलिया बारीक होते का वं तुह्या मिक्सरात?"