दाजींच्या एक्सेलमधला वाघ

तीर्थस्वरूप दाजी यांस,


आपली ‘ताडोबा फायनल ५ (नवीन)’ ही फाइल पोचली. पुणे ते मोहर्ली, दोन गाड्या, अकरा माणसं, सोमवारी निघून गुरुवारी घरी. पत्र उघडच लिहितो, कारण घरच्या ग्रुपवर आपण फक्त अॅडमिनलाच बोलता येईल अशी सोय करून ठेवली आहे. शिवाय प्रत्येक कुटुंबात एक दाजी असतातच. त्यांच्याही कामी येईल.

सोमवार पाहून छाती दडपली. पहाटे पावणेचारला प्रस्थान, सहाच्या आत नगर पार, पुढे सावंगीला समृद्धीवर. ७०१ किलोमीटरचा तो महामार्ग ५ जून २०२५ रोजी पुरता खुला झाला, तो आपल्याच वेळापत्रकाची वाट पाहत होता असं दिसतं. तिथे वेगाची कमाल मर्यादा ताशी १२०. आपण तीच सरासरी धरलीत. म्हणजे टोलनाका, डिझेल आणि आईचे गुडघे यांनी मिळून एक मिनिटही खायचं नाही. सरळसोट सिमेंटवर उघड्या डोळ्यांनी तंद्री लागते, त्यावर आपला उपाय ‘अंताक्षरी (सक्तीची)’.

मधे मेहकरला उतरून लोणार, ३५ मिनिटं, ‘स्वच्छतागृहासह’. ज्या उल्केनं बसाल्टात जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडला, तिची आपण टपरीवरच्या चहाइतकी दखल घेतलीत. सेवाग्रामला बापूकुटी, १० मिनिटं. साधी राहणी बघायला तेवढी पुरतात म्हणा. वर्ध्याचा खाऊ, गोरसपाक, मात्र ‘कोणीही न उतरता’ घ्यायचा आहे, तो कसा, हे एक्सेलमध्ये नाही.

आता मंगळवार. रकाना असा : ‘७.१० वाघ (बछड्यांसह), ७.४० नाश्ता.’ दाजी, मंगळवारी ताडोबा व्याघ्रप्रकल्पाचा गाभा (कोअर) पर्यटकांना बंद असतो. वाघ त्या दिवशीही हिंडतो, फक्त आपल्याला भेटत नाही. तेव्हा मंगळवारी वरोऱ्याचं आनंदवन करू. बाबा आमट्यांनी १९४९ साली उभं केलेलं ते काम बघायला आख्खा दिवस लागला तरी तक्रार नको.

बुधवारी आपण नव्या एसयूव्हीनं आत शिरणार आहात, असं दिसतं. गाभ्यात खासगी गाडी चालत नाही. जिप्सी त्यांची, गाइड त्यांचा, गाडीत पर्यटक सहा, आणि नावं आरक्षणाच्या वेळी दिली तीच. अकराजणांच्या दोन जिप्सी म्हणजे एकीला वाघ दिसणार आणि दुसरीला मोराचं पीस. मग पुढच्या प्रत्येक दिवाळीत त्यावर चर्चा. गाइड गाडी बंद करून चितळाचा कॉल ऐकत असेल, तेव्हा कृपया ‘भैया, आगे चलो’ म्हणू नका. तो मोहर्लीचा पोरगा आहे, मराठी त्याला तुमच्याइतकंच येतं, आणि वाघाचा माग तुमच्यापेक्षा बराच जास्त.

‘वाघासोबत फॅमिली सेल्फी’ हा पिवळा रकानाही पुसा, आत मोबाइल वापरायला बंदी आहे. २०२४च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला तिच्या पाच बछड्यांसकट जिप्स्यांनी दोन्हीकडून कोंडलं होतं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. नावं कोणाचीही असोत, प्रत्येक जिप्सीत एक दाजी असणारच.

‘इतर प्राणी (वेळ उरल्यास)’ या ओळीत आपण अस्वल, गवा, रानकुत्री आणि तलावातल्या मगरी एकत्र कोंबल्यात. रानकुत्र्यांची टोळी सांबराला पाण्यात रेटताना पाहिलेला माणूस वाघाचं नावही काढत नाही, असं मला वाटतं. पण ते असो.

आणखी एक. वाघ बघायला एवढा खर्च आपल्यालाच येतो. चंद्रपूर जिल्ह्यात तो बऱ्याचजणांना फुकट दिसतो, नको असताना. उन्हाळ्यात पहाटे तेंदूपत्ता तोडायला रानात गेलेल्या बायका त्याच्या तावडीत सापडतात, आणि आपण पुण्यात ती बातमी चाळून ‘यंदा सायटिंग चांगलं आहे’ असं म्हणतो. ताडोब्याच्या तलावाकाठी तारू देवाचं ठाणं आहे. तो गावचा पुढारी होता, वाघाशी झुंजताना पडला, अशी तिथल्या आदिवासींची श्रद्धा. पौषात त्याची जत्रा भरते. त्याला एक रकाना द्या. रंग कुठलाही चालेल.

बाकी क्षेम. मे महिन्याचा बेत आहे, चंद्रपूरचं ऊन ४५ अंशांपुढे जातं, आणि जिप्सीला छप्पर नसतं. आपल्या यादीत जाकीट आहे, टोपी नाही.

आपला मेहुणा

ता. क. : ताईनं विचारलंय, गुरुवारच्या रकान्यात ‘परतीचा प्रवास १४ तास, चालक : मेहुणा, दाजी : आराम’ हे कोणी भरलं?