राजे रास्परागानुस आणि तनख्याची कात्री

रॉक्सोलानी म्हणजे डॅन्यूबपलीकडच्या गवताळ मैदानातले सरमाती घोडेस्वार. त्यांचे राजे रास्परागानुस. नुसतं नाव ऐकून पलीकडच्या गावाने गुरं आत घ्यावीत. पण माणूस पक्का हिशेबी.

सरहद्दीवर दंगा नको म्हणून रोम पलीकडच्या राजांना पैसे पोचते करी. त्या रकमेला कात्री लागली. ११७ साली हेड्रियन रोमच्या गादीवर आला, तेव्हा रॉक्सोलानींच्या राजाची तक्रार त्याच्यापुढे होतीच. हेड्रियनच्या जुन्या चरित्रात या राजाचं नाव नाही, पण बहुधा हेच ते. मला ते डोळ्यांपुढे दिसतात : कमरेला तलवार, समोर रोमन वकील, आणि महाराज बोटं मोजताहेत. "मागल्या साली इतके. यंदा इतके. मधले कुठं गेले?"

लुटालूट हा घरचाच धंदा, मग तक्रार कशाला? कारण लुटीत दगदग फार! इ.स. ६९ मध्ये याच जमातीचे नऊ हजार स्वार रोमच्या मोएशिया प्रांतात घुसले होते. नेमकं बर्फ वितळलं, चिखल झाला, घोडे घसरू लागले. सरदारांच्या अंगात लोखंडी पत्र्यांची नाहीतर टणक चामड्याची चिलखतं. घाव आत जात नाही हे खरं. पण एकदा आडवं झालं की उठवतही नाही. हलक्या कवचातले रोमन शिपाई आले आणि लोळणाऱ्यांना आरामात भोसकत सुटले. घोड्यावर यांच्यापुढे टिकाव लागणं कठीण आणि पायी लढण्यात यांच्याइतके कुचकामी कोणी नाही, असा रोमन इतिहासकार टॅसिटसचा शेरा आहे. अशा खानदानाला बांधीव उत्पन्नाची गोडी लागली तर नवल काय?

हेड्रियनही काटकसरीचाच, आधीचा बादशहा ट्राजान याने युफ्रेटिसपलीकडे जिंकलेला मुलूख त्याने सरळ सोडून दिला होता. दोन हिशेबी माणसांचं जमायला वेळ लागत नाही. त्याने प्रकरण समजून घेतलं आणि तह केला.

पुढे रास्परागानुस रोमन नागरिक झाले. त्यांचा शिलालेख सापडला तो थेट एड्रियाटिकच्या किनाऱ्यावर, पुला गावी. त्यावर नाव पूब्लियुस एलियुस रास्परागानुस. पहिले दोन तुकडे खुद्द बादशहाच्या नावातले. आणि पुढे, निवृत्त साहेबाने दारावरच्या पाटीत जुना हुद्दा ठेवावा तसं, 'रॉक्सोलानींचा राजा'! आसपास एक रॉक्सोलानी औषधाला नसेना का. चिरंजीव पेरेग्रिनुस तर सवाई : त्यांच्या शिलालेखात 'सरमात्यांचा राजा रास्परागानुस याचा पुत्र' असं बजावलेलं आहे.