कर्मचारी नियमपुस्तिका कशी काढावी : केळीवाल्यांसाठी खास

रावेर तालुक्यातल्या एखाद्या आप्पांनी केळीच्या फर्मपुढे 'प्रायव्हेट लिमिटेड' लावलं, की वर्षाच्या आत त्यांना नियमपुस्तिकेची हौस येते. तोवर कारभार आप्पांच्या आवाजावर चाललेला असतो. त्याच आवाजाला कलमं पाडून, वर लॅमिनेशन केलं की पुस्तिका तयार.

लिहीत बसू नये. पुण्याला आयटीत असलेल्या भाच्याकडून त्याच्या कंपनीची पुस्तिका मागवावी, नाव बदलावं आणि प्रिंट काढावी. बदलताना दोन-चार पानं निसटतातच. मग तुरटीच्या पाण्यात फण्या धुणाऱ्या बाईला आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायची मुभा मिळते, आणि वाद झालाच तर निकाल बंगळूरच्या कोर्टात. असू द्यावं. वाचणार कोण?

भाषा इंग्रजीच ठेवावी. 1946 च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्यानं मोठ्या कारखान्यांना सांगितलं होतं, की नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत दारापाशी फलकावर लावा. पण तो कायदा साहेबाच्या राज्यातला. त्याला असल्या गोष्टींना वेळ होता. शिवाय आपल्या शेडमध्ये निम्मे लेवा बोलीत भांडतात, पाल गावाकडून आलेले पावरा गडी आपल्या बोलीत हसतात, आणि गाडीचा ड्रायव्हर हिंदीत शिव्या देतो. इंग्रजी कुणालाच येत नाही, म्हणजे कुणावर अन्यायही होत नाही.

गणवेश पांढरा निवडावा, फोटोत खुलतो. केळीचा चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो, कळतही नाही. वाळला की तपकिरी पडतो, मग काळपट होतो, आणि त्यापुढे साबण, सोडा, रॉकेल सगळे हात टेकतात. आठ दिवसांत नुसत्या शर्टावरून सांगता येतं, घड खांद्यावर वाहणारा कोण आणि मोबाइलवर बऱ्हाणपूरचा भाव बघत बसणारा कोण. 'अस्वच्छ गणवेशास दंड' हे कलम त्यामुळे नेमकं काम करणाऱ्यालाच लागतं. इतकी अचूक कलमं कायद्यातही कमी सापडतात.

कामाची वेळ 9 ते 6. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे सरकतो, तेव्हा कापणीची टोळी उजाडायच्या आत बागेत शिरते आणि नऊला तिचं अर्धं काम आटोपलेलं असतं. तिचा खाडा मांडता येईल का, तेवढं वकिलाला विचारून घ्यावं.

आता रजा. खरी पुस्तिका इथे सुरू होते आणि बहुतेक इथेच फाटते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा दिली आहे. ती तिमाहीच्या हिशेबानं जमा होते आणि घेतली नाही तर वर्षाअखेर बुडते. आपल्याकडे ती बुडाल्याचं ऐकिवात नाही. भाच्याच्या पुस्तिकेत 'निकटचे नातेवाईक वारल्यास तीन दिवस' असं असतं, आणि निकटचे म्हणजे आईवडील, जोडीदार, मुलं. रावेरात हे वाचून दाखवलं तर लोक चेष्टा समजतील. मामसासरे गेले तर दारावर बसायला जायचं नाही? गंधमुक्तीला तोंड दाखवायचं नाही? चुलत आत्येच्या नातीची हळद सोडून गाडी भरायची? तेव्हा नातेवाइकांची यादी करूच नये. भाऊबंदकीत कोण सुटलं यावरून नवीन भांडण लागेल. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, सुट्टी मात्र ठळक अक्षरांत द्यावी. नाही दिली तरी शेडमध्ये त्या दिवशी आप्पा आणि कुत्रं, एवढेच असणार.

एका प्रकरणात चेष्टा नको. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे 2013 च्या कायद्यानं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते : अध्यक्ष तिथेच काम करणारी वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरून. समिती नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड. प्रथा अशी, की अध्यक्षपदी वहिनीसाहेबांचं नाव टाकून मोकळं व्हायचं. त्यांना ते पुढच्या हळदीकुंकवाला कळतं. फण्या धुणाऱ्या बायांना तर तेव्हाही कळत नाही.

इतर तक्रारींसाठी फॉर्म, पोचपावती, अपील अशा पायऱ्या दाखवाव्यात. प्रत्यक्षात गड्याचा काका संध्याकाळी आप्पांना फोन करतो आणि सकाळपर्यंत मिटतं. फॉर्म तरी छापावेत. पाठकोरे असतात, वजनं मांडायला बरे पडतात.

एवढा खटाटोप कशासाठी, असं जुनी माणसं विचारतील. खानदेशात आखाजीला सालदार ठरतो. ओट्यावर दोघं बसतात : वर्षाचे पैसे किती, धान्य किती, कपडे-जोडे कोणाचे, उचल किती. चहा संपायच्या आत सगळी कलमं होतात आणि दोन्ही बाजूंना वर्षभर तोंडपाठ राहतात. उचल फिटल्याशिवाय गड्याला दुसरं दार धरता येत नाही, हे एवढं एक कलम कुणी उच्चारत नाही. ते त्यालाही ठाऊक असतं आणि मालकालाही. भाच्याच्या पुस्तिकेत यालाच 'नोटीस पीरियड' म्हणतात आणि त्यावर साडेतीन पानं असतात.

शेवटच्या पानावर 'मी वरील मजकूर वाचला असून मला तो मान्य आहे' असं छापून खाली सहीसाठी जागा सोडावी. सह्या पगाराच्या दिवशीच घ्याव्यात, पाकीट हातात द्यायच्या आधी. गडी पेन घेईल, पानं उलटसुलट करेल आणि विचारेल, "आप्पा, यात उचल कुठल्या पानावर आहे?" पान नंबर तयार ठेवावा.