रात्री साडेबाराच्या आत्म्याबाबत

प्रति,
माननीय भूतसंशोधक महोदय,
मुक्काम पुणे (व्हिडिओत आपण तसं सांगता म्हणून)



गेल्या जानेवारीत आपण आमच्या गावी एक रात्र काढून गेलात, हे आपला व्हिडिओ मोबाइलवर फिरत फिरत आमच्यापर्यंत आला तेव्हा कळलं. आधी निरोप धाडला असतात तर चहापाण्याचं तरी पाहिलं असतं. बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात वसलेल्या या गावात पुढारी येतात ते मतं मागायला आणि मुकादम येतो तो उचल वाटायला. शास्त्रज्ञ म्हणवणारा माणूस पहिल्यांदाच आला, आणि तोही कुणाला पत्ता लागू न देता.

शास्त्रज्ञ म्हणायचं कारण आपल्या हातातलं यंत्र. मुठीत मावेल एवढं, वर पाच दिवे, हिरव्यापासून तांबड्यापर्यंत. त्याला केटू मीटर म्हणतात, ते इलेक्ट्रोमॅग्नेटिक फील्ड पकडतं आणि आत्मा जवळ आला की हे फील्ड वाढतं, असं आपण गंभीर आवाजात समजावून सांगितलंत. मग पडक्या वाड्याच्या ओसरीवर बसून विचारलंत, ‘इथे कोणी असेल तर खूण दे.’ घड्याळात साडेबारा. पाचही दिवे एकदम पेटले. क्षणभराने तांबडे विझले आणि हिरव्या-पिवळ्यावर ते फील्ड स्थिरावलं. त्याच वेळी लांबून घुमल्यासारखा आवाज सुरू झाला. आपल्या कपाळावरचा घाम मी व्हिडिओ थांबवून पाहिला. तो अभिनय नव्हता, एवढं श्रेय देतो.

महोदय, साडेबाराला थ्री फेज येते.

त्या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रपाळी होती. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री, अशी पाळीपाळीने मिळते. विहिरीवरच्या स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो, म्हणजे वीज आली की माणूस हजर नसला तरी मोटार आपली आपण सुरू होते. शिवारातल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि वेग धरला की खाली येते. आपण ज्या भिंतीला पाठ टेकून बसला होतात, तिच्या मागूनच डीपीवरून निघालेल्या तारा जातात. तेव्हा आत्मा आधी जोरात आला आणि मग दोन-तीन दिव्यांवर का शांत झाला, हे आमच्याकडचा कुठलाही वायरमन आपल्याला झोपेतसुद्धा सांगेल. घुमण्याचा आवाज मोटारींचा. शेतात दिसलेला तो ‘हलणारा प्रकाश’, ज्यावर आपण तांबडा बाण काढलात, तो माझा चुलता. हरभऱ्याला पाणी धरायला निघाला होता, हातात बॅटरी आणि काठी घेऊन. त्याने वाड्यात उजेड पाहून ‘कोण हाय रं तिकडं?’ असं ओरडून विचारलं. आपण त्या आवाजाला घरघर जोडलीत, तो संथ केलात आणि खाली अक्षरं उमटवलीत: ‘परत जा.’ चुलत्याला हे दाखवलं. तो म्हणाला, मी तर या म्हणणार होतो.

गंमत अशी की हे मीटर स्थिर चुंबकीय क्षेत्र दाखवतच नाही. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्या भागात साधारण 40 मायक्रोटेस्ला, म्हणजे 400 मिलिगॉस. आपल्या यंत्राचा शेवटचा तांबडा दिवा 20 मिलिगॉसला लागतो. पृथ्वी विसाव्या भागाइतकी जरी त्याच्या खिजगणतीत असती, तरी ते डबीतून काढल्याक्षणी पेटलं असतं. त्याला फक्त बदलतं क्षेत्र कळतं, आणि आपल्या देशात सेकंदाला 50 वेळा हेलकावणारं क्षेत्र म्हणजे विजेची तार. घरातल्या वायरी आणि उपकरणं यांच्या आसपास किती क्षेत्र आहे हे पाहायला केलेली वस्तू ती. मिक्सरजवळ धरा, हडळ सापडेल. खिशातला मोबाइल नेटवर्क शोधायला लागला तरी दिवे लागतात. फील्ड तिथे भूत हा नियम खरा असता तर परळीचं औष्णिक केंद्र आणि गिरवलीचं 400 केव्हीचं उपकेंद्र म्हणजे वेताळाची राजधानी. 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे संच बंद पडले, तेव्हा तिथल्या भुतांनी कुठे स्थलांतर केलं, यावर एक भाग जरूर करावा.

खऱ्या मोजणीची माणसं कशी वागतात, ते याच महाराष्ट्रात घडून गेलंय. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. 1859 च्या प्रचंड सौरवादळाची नोंदही तिथे आहे. पुढे मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं. आता या ट्रामच्या विजेने आपली मोजमापं नासणार, हे वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी ओळखलं, आणि चुंबकीय वेधशाळाच उचलून खाडीपलीकडे अलिबागला नेली. 1904 मध्ये ती सुरू झाली. इमारतीच्या दगडातसुद्धा लोहचुंबकत्व नको म्हणून दगड निवडून आणला. त्यांनी एका ट्रामपायी समुद्र ओलांडला, आणि आपण डीपीच्या तारेखाली बसून आत्म्याला हाक मारलीत.

आता आपण म्हणाल, फील्डमुळे भूत येत नसेल, पण फील्डमुळे मेंदूला भास होतो, असंही एक संशोधन आहे. आहे. कॅनडाच्या मायकल पर्सिंजर यांनी हेल्मेटमध्ये दुबळी चुंबकीय क्षेत्रं सोडून लोकांना कुणाचं तरी अस्तित्व जाणवतं असा दावा केला होता. स्वीडनमध्ये तो प्रयोग पुन्हा केला गेला. क्षेत्र चालू आहे की बंद, हे ना प्रयोग करणाऱ्याला ठाऊक ना डोक्यावर हेल्मेट असलेल्याला, अशी काळजी घेतली, तर क्षेत्राचा काही परिणाम दिसेना. लंडनमध्ये क्रिस्टोफर फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी तर अख्खी ‘झपाटलेली’ खोली बांधली. 2009 मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले: 79 जण आत जाऊन आले, कित्येकांना विचित्र अनुभवही आले, पण त्यांचा क्षेत्र चालू-बंद असण्याशी संबंध लागला नाही. सगळ्यांना आधीच सांगितलं होतं की इथे काहीतरी जाणवू शकेल, आणि कित्येकांना जाणवलं. तेव्हा एक पान फसलं की दुसरं काढायचं, हा डाव आमच्या पारावर कुणी खेळू देत नाही.

इथपर्यंत मी हसत होतो. आता व्हिडिओचा सुरुवातीचा भाग.

कुलूपबंद घरांची अख्खी ओळ आपण संथपणे दाखवलीत. ‘एके रात्री या गावातले लोक सगळं सोडून निघून गेले. का गेले, कोणालाच माहीत नाही.’ महोदय, का गेले हे बीड जिल्ह्यातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. ते ऊस तोडायला गेले. दसरा-दिवाळीनंतर ट्रक आणि ट्रॅक्टर लागतात, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली असते, आणि सांगली-कोल्हापूरपासून कर्नाटकापर्यंतच्या फडांवर आमचं गाव पांगतं. गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येतं. दरवर्षी. त्यांनी घर सोडलेलं नाही, कुलूप लावलंय. ज्याचं घर मागे नाही असा माणूस कुलूप कशाला लावील?

आणि भयानकच दाखवायचं होतं तर सामग्री कमी नव्हती. 2019 मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. हा आकडा कागदावर आहे, दिवसाढवळ्या वाचता येतो. त्यासाठी ओसरीवर रात्र काढायला लागत नाही.

आता अरे-तुरेवर येतो. त्याला कारण आहे. वटवाघूळ तुझ्या तोंडासमोरून गेलं, तेव्हा तू ओरडलास, ‘आयोव! पळ की रं!’ पुणं तिथेच गळून पडलं. तू आमच्याच बाजूचा आहेस. पाटोद्याचा, शिरूरचा, धारूरचा, कुठला ते नाही ओळखता आलं, पण आमचा. मग मी व्हिडिओ मागे नेला. एका कुलपावर चिंधी गुंडाळलेली आहे, दवाने गंज चढू नये म्हणून. तू त्या चिंधीला हात लावतोस आणि काही वेळ बोलतच नाहीस. तेवढं कापायचं तुझ्याकडून राहून गेलं. तुझ्याही घराला कुणी तरी अशी चिंधी बांधली होती ना? तुला ठाऊक होतं. सगळं ठाऊक असताना तू ‘कोणालाच माहीत नाही’ म्हणालास, याचा मला जो राग आहे तो मीटरच्या रागाहून फार वेगळा आहे.

कारण त्यापुढे व्हिडिओत आमच्या गावातली एक आजी आहे. पोरगा आणि सून फडावर, दोन नातवंडं तिच्याजवळ. रात्री अंगणात पावलं वाजली म्हणून ती उठली, केस मोकळे, हातात काठी, दाराच्या फटीतून पाहू लागली. तू तिच्या चेहऱ्याभोवती तांबडं वर्तुळ काढलंस आणि बघणाऱ्यांना विचारलंस, ‘ही जिवंत आहे का?’ नालायका, ती जिवंत आहे! तुझा व्हिडिओ पसरल्यापासून मोटारसायकलींवरून टोळकी येतात, हॉर्न वाजवतात, दारावर दगड टाकतात आणि तिला बाहेर बोलावून फोटो काढतात. धाकटा नातू अंधार पडला की लघवीलाही बाहेर जात नाही. शेजारच्या वस्तीत वासरू मेलं, तर कुणीतरी हिचं नाव घेतलं. अमुक बाई करणी करते असं ठरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा या राज्यात गुन्हा आहे. 2013 चा कायदा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तो कायदा यावा म्हणून झगडलेले डॉक्टर नरेंद्र दाभोलकर 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात, तू राहतोस म्हणतोस त्याच पुण्यात, मारले गेले.

मराठवाड्यात भुताखेतांचा शोध नवीन नाही. भानामतीने इथे घरंच्या घरं हैराण झाली: आपोआप कपडे पेटतात, पत्र्यावर दगड पडतात, ताटात राख येते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अशा घरी जात तेव्हा त्यांच्याकडे एकही दिवा लागणारं यंत्र नसे. घरातल्या प्रत्येकाला वेगळं बसवून ते बोलत, ऐकत. बहुतेक वेळा घरातलंच कुणीतरी कोंडीत सापडलेलं माणूस निघे, ज्याला सांगायला दुसरी वाट उरलेली नसे. प्रकार थांबे आणि त्या माणसाचं नाव ते गावाला सांगत नसत. त्यांनी नाव झाकलं. तू वर्तुळ काढलंस.

एवढं लिहून रागाचा भर ओसरला. मग दुसरंच डोक्यात आलं. तू एकटा होतास. कॅमेरा एका विटेवर टेकवलेला, थंडीत दात वाजतायत, बहुधा मीटरचा नि कॅमेऱ्याचा हप्ता बाकी. शिकला असशील, परीक्षा दिल्या असशील, पुण्यात खोली भाड्याने घेऊन चौघांत राहत असशील. दिवसा जे काम मिळायला हवं ते मिळत नाही म्हणून तू रात्री साडेबाराला पडक्या वाड्यात बसलास. आणि दिवसा वीज मिळत नाही म्हणून माझा चुलता साडेबाराला हरभऱ्यात उतरला. 2020 च्या हिवाळ्यात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, तेव्हासुद्धा पाणी रात्रीच धरावं लागत होतं. तुम्ही दोघं एकमेकांना पाहून घाबरलात. चुलता पाणी धरायचं सोडून परत आला होता, हे त्याने नंतर कबूल केलं.

तर काम असं आहे. आजीचा भाग आज काढून टाक. उद्या नाही. मग पाडव्यानंतर गावी ये, तेव्हा कुलपं निघालेली असतील. आधी तिच्या दारात जा. तिने आत घेतलं तर घेतलं, नाही घेतलं तर काठी खा. मी मध्ये पडणार नाही. मीटर घेऊन ये. शाळेच्या जुन्या खोलीत भिंतीतून वायर कुठून कुठे गेलीय हे कुणालाच ठाऊक नाही, नकाशा नाही, बसवणारा वायरमन राहिला नाही, आणि पावसाळ्यात भिंतीला हात लावला की पोरांना झिणझिण्या येतात. पंखे चालू करून तुझं यंत्र भिंतीवरून फिरवलं तर माग लागेल. त्याचा व्हिडिओ कर हवा तर. पैसे गाव देईल, थोडे देईल.

मुक्काम चुलत्याकडे. त्या आठवड्यात आमच्या फीडरला दिवसपाळी आहे की रात्रपाळी, ते विचारून कळवतो.

आपला,
हलणाऱ्या प्रकाशाचा पुतण्या