गडग्यापलीकडचे केस

अहो वहिनी, जरा या ना इकडे गडग्यापाशी. कढीपत्ता नंतर तोडा, तो कुठे पळून नाही जायचा. काल वरच्या आळीत मंगळागौरीला शेवटपर्यंत होतात ना? मग नव्या सुनेचे केस पाहिलेत? संध्याकाळचे नव्हे हो, हळदीकुंकवाला ते अख्ख्या आळीने पाहिले. मी रात्री दीडनंतरचे म्हणतेय.

हां, तेच! पार्लरमधून आली तेव्हा पाठीवर कसे सुळसुळीत, टोकं आत वळलेली. सासूबाई येईल तिला ऐकवत होत्या, ‘ब्लो-ड्राय केलाय हो, आमच्या वेळी कुठलं असलं!’ मग झिम्मा झाला, फुगड्या झाल्या, पिंग्यात माना गरगरल्या, मानेवर घामाच्या धारा आणि बाहेर सर चालूच. जागरण संपायच्या आत केसांचा पार काथ्या. शेवटी मीच माझा आकडा काढून दिला, म्हटलं बांध बाई वर एकदाचे.

चारशे कुठले? साडेसहाशे. लांबीवर घेतात पैसे, आणि हिचे केस कमरेखाली.

छे छे, पार्लरवालीला कशाला बोल लावता? तिने तिचं काम चोख केलं होतं. दोष असलाच तर रत्नागिरीच्या हवेचा. शाळेत असते तर फळ्यावर काढूनच दाखवलं असतं तुम्हाला. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या साखळ्या एकमेकींना मुख्यतः दोन तऱ्हांनी धरून असतात. गंधकाचे बंध पक्के, ते रसायन लावल्याशिवाय सुटत नाहीत. तुमच्या भाचीने केस कायमचे सरळ करून घेतले ना, तिथे तेच मोडतात. हायड्रोजनचे बंध मात्र नुसत्या पाण्यानेही सैल होतात. केस ओला झाला की ते सुटतात, आणि ब्रशवर ताणून वाळवला की त्या ताणलेल्या आकारात पुन्हा जुळतात. झाला ब्लो-ड्राय! त्यात दुसरी काही जादू नाही. आता जे पाण्याने सुटतं ते हवेतल्या ओलीनेही सुटणारच. श्रावणात आपल्याकडे पापड मऊ पडतात, दार फुगून लागत नाही, तिथे केसांनी काय म्हणून शिस्तीत राहावं? तोच ब्लो-ड्राय जानेवारीत पुण्याला केलात तर दोन-तीन दिवस हलत नाही. फक्त तेलाचा हात लावायचा नाही, आणि झोपताना टाळूवर सैलसर गाठ मारायची.

घरी? घरी येतो की. पण तुमची लेक करते तसा नव्हे. परवा खिडकीतून दिसत होती मला. ठिबकत्या केसांवर सरळ ड्रायर, तोही डोकं खाली घालून, खालून वर. केसांच्या अंगावर खवले असतात, त्यांची तोंडं टोकाकडे. वारा उलटा घातला की ते उभे राहणार आणि केस पिंजल्यासारखे दिसणार. आधी सुती पंच्याने टिपून घ्यायचे. टिपायचे बरं का, तो जाडा टॉवेल घेऊन खसाखसा पुसायचे नाहीत. ओला केस ताणला जातो फार आणि तुटतोही पटकन, म्हणून कंगवासुद्धा मोठ्या दातांचा. मग ब्रश न लावता नुसत्या हाताने मोकळे करत बारा आणे वाळू द्यायचे. गोल ब्रश घ्यायचा तो शेवटच्या चार आण्यांसाठी. बाकीचे केस चिमट्यांनी वर अडकवून खालचा थर आधी, ड्रायरचं चपटं तोंड मुळाकडून टोकाकडे, आणि बट ब्रशवर असतानाच ते गार वाऱ्याचं बटण दाबायचं. आहे हो, तुमच्यातही असेल! निळं असतं बहुतेक. गरम असेपर्यंत आकार कच्चा असतो, गार झाला की बसतो. ते बटण दाबायचा धीर कोणाला नसतो आणि मग म्हणतात, घरचा टिकत नाही.

ड्रायर किती वॅटचा आहे तुमच्याकडे? अठराशे? आणि लावता कुठे, देवघरापाशी, त्या लहान सॉकेटला? अहो, तरीच ते काळं पडलंय! लहान सॉकेट सहा अँपिअरचं. २३० व्होल्टला सहाने गुणा, १३८० वॅट झाले. त्यापलीकडचं यंत्र गीझरच्या मोठ्या सॉकेटलाच लावायचं. पार्लरात दोन हजार वॅटचे असतात, तिथे वायरिंगच तसं असतं. घरी बाराशेचा पुष्कळ झाला. वेळ थोडा जास्त लागेल इतकंच, आणि पाव तास चालवलात तर ०.३ युनिट जळेल. चहाच्या कपाचेही पैसे नाहीत.

सासूबाई काय म्हणतात? ड्रायरने केस जळतात? त्यांचं अगदीच चूक नाही, पण पूर्ण बरोबरही नाही. कोरियात २०११ साली एक अभ्यास छापून आला. केसांचे झुपके पुन्हापुन्हा धुतले, काही नुसत्या हवेवर वाळवले, काही ड्रायरने, वेगवेगळ्या अंतरांवरून. पाच सेंटिमीटरवरून वारा ९५ अंशांवर गेला आणि वरचे खवले खराब झाले. पण केसाच्या आत थरांना चिकटवून ठेवणारं जे असतं ना, त्याला इजा दिसली ती फक्त हवेवर वाळलेल्या झुपक्यांत! फार वेळ ओलं राहणंही बाधतं, असं त्यांचं अनुमान. त्यांनी चांगलं ठरवलं ते पंधरा सेंटिमीटरचं अंतर, ४७ अंश, आणि हात सारखा हलता. कंपासपेटीतली पट्टी असते ना, बरोबर तेवढं. आता आपल्याकडे श्रावणात कमरेएवढे केस सकाळी धुतले तर दिवेलागणीला आत ओलेच, वर कुबट वास. म्हणून तर आजी शेगडीवर ऊद टाकून धुरी घ्यायला लावायची. तेव्हाचा ड्रायरच तो. सासूबाईंना सांगा हे, धुरीचं नाव काढलंत की ऐकतील.

हो, पण पार्लरचं सगळंच वाया असं मी कुठे म्हटलं? मीसुद्धा तुमच्या नणंदेच्या लग्नात जाऊन आले होते की. तुम्हाला गंमत सांगते. हा ब्रश आणि ड्रायरचा प्रकार बायकांच्या केसांवर आणला लंडनच्या रोझ इव्हान्स्कीने, १९६२ साली. तोवर बायकांनी रोलर लावून त्या टोपाखाली ताटकळायचं. हिने एका न्हाव्याला पुरुषाचे पुढचे केस एका हातात ब्रश, एका हातात ड्रायर घेऊन वाळवताना पाहिलं आणि म्हटलं, हे बायकांना का नको? म्हणजे मूळ कसब न्हाव्याचं, आणि ते दुसऱ्याच्या डोक्यावरच करायचं. तिथेच तर आपण अडतो! पुढच्या बटा कोणालाही जमतात. पण मागच्या? एका हातात अर्धा किलोचं यंत्र, दुसऱ्यात ब्रश, दोन्ही कोपर वर, आरशात सगळं उलटं. माझे तर खांदे भरून येतात. पार्लरवाली मागे उभी राहते, तिला सगळं डोकं दिसतं, बट हवी तेवढी ताणता येते. आपण पैसे मोजतो ते त्या मागे उभं राहण्याचे. शाम्पूही घरचाच चांगला. तिथे केस धुवायचेच झाले तर त्या बेसिनच्या कडेवर मानेखाली टॉवेलची घडी मागून घ्या. मान तशी उलटी टाकून फार वेळ बसणं बरं नव्हे.

म्हणून माझं साधं गणित आहे. मार्गशीर्षानंतरचं लग्न असेल, फोटो निघणार असतील, तर खुशाल जा. पावसाळ्यात वेणी घाला, गजरा माळा, आणि ते साडेसहाशे मंडईत घेऊन जा. मधल्या दिवसांत जायचंच असेल कुठे, तर केस धुऊन, मोठ्या दातांच्या कंगव्याने विंचरून माझ्याकडे या. मागची बाजू मी करून देते, माझी तुम्ही करा. मात्र ड्रायर माझा, तुमच्या त्या अठराशेने आमचा फ्यूज उडायचा.

काय म्हणता? गौरीच्या ओवशालाही तिने पार्लरात नंबर लावलाय? भाद्रपदात? कोणी सांगितलं तुम्हाला? मग तुम्हीच बोला की तिच्याशी, नाहीतर तिच्या सासूशी. मी नाही बोलायची. गेल्या वर्षी त्यांच्या आंबोळ्यांना मी जराशा जाड म्हटलं होतं, ते अजून त्यांच्या मनात आहे.