जेटीवरचे हॉर्सपॉवरकाका

मालवण असो की मुरूड, जेटीवर नव्या होडीला इंजिन बसवायला घेतलं की थोड्याच वेळात एक गृहस्थ प्रकट होतात. खाली बर्म्युडा, वर इस्त्रीचा शर्ट, काखेत छत्री. बोलावलेलं कुणीच नसतं. होडीभोवती एक फेरी, फायबरवर दोन टिचक्या, आणि मग मालकाकडे न बघता प्रश्न येतो, "कितीचा बसवतंस?"

"नऊ पॉइंट नऊ, काका."

"नऊ पॉइंट नऊ!" काकांच्या तोंडून तो आकडा आणखीच बारीक होऊन बाहेर पडतो. "मेल्या, पंचवीस घाल. मगे बघ कशी उडता ती!"

होडी धावत नाही? हॉर्सपॉवर वाढव. पेट्रोल जास्त खाते? वाढव, मोठं इंजिन आरामात चालतं. हादरे बसतात? मघाशी काय सांगितलं? पाणी ढकलणाऱ्या पंख्याबद्दल, म्हणजे प्रोपेलरबद्दल, मात्र काका अवाक्षर काढत नाहीत. पंखा त्यांच्या लेखी इंजिनाबरोबर फुकट मिळणारी वस्तू.

आता होडी अशी, की पंचवीस फुटी, पोट भरलेलं, आत बारा पर्यटक. अशी जड होडी पाणी कापत चालते, पाण्यावर चढून घसरत नाही. तिच्या वेगाची हद्द लांबी ठरवते: पाण्यातल्या लांबीच्या फुटांचं वर्गमूळ, गुणिले १.३४. पंचविसाचं मूळ पाच, म्हणजे ६.७ नॉट. त्यापुढे कितीही घोडे जुंपा, मागची बाजू खाली बसते, नाळ आभाळाकडे बघू लागते आणि पेट्रोलचा काटा तेवढा पळतो. ही हद्द ओलांडायची तर बूड सपाट आणि अंग हलकं हवं. काकांच्या मते हे सगळं "पुस्तकातला".

खरी गोम पंख्यावर कोरलेल्या दोन आकड्यांत असते. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. दहा पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात, पाणी निसटलं नाही तर, दहा इंच पुढे जाईल. पाणी निसटतंच. जड होडीला मोठा पिच लावणं म्हणजे टॉप गिअरमध्ये फोंडा घाट चढणं: इंजिन घुसमटतं, फेरे भरत नाहीत. फार लहान पिच लावला, तर तेच इंजिन हद्दीबाहेर किंचाळतं. पिच इंचाने उतरवला, की इंजिनाचे मिनिटाला साधारण दीड-दोनशे फेरे वाढतात. इंजिन तेच, दुखणं मात्र गेलेलं.

मोठं ते चांगलं, हा समज काही काकांचाच नाही. इंग्लंडातल्या फ्रान्सिस पेटिट स्मिथने १८३७ साली पॅडिंग्टनच्या कालव्यात होडी चालवली, तिला पंखा म्हणून दोन पूर्ण वेढ्यांचा लाकडी स्क्रू होता. चालता चालता अर्धा तुटून पडला आणि होडी जास्त वेगाने धावू लागली. काकांनी तो तुकडा पुन्हा चिकटवून दिला असता.

काकांची स्वतःची होडी माडाखाली पालथी पडलेली आहे. तिला त्यांनी झेपेल त्यापेक्षा मोठं इंजिन बांधलं आणि मागच्या फळीला चीर गेली. ती चीर ते कौतुकाने दाखवतात. दोष अर्थातच फायबरवाल्याचा.

इकडे मेकॅनिक पोरगा काही बोलत नाही. प्लगच्या वायरला छोटा टॅकोमीटर गुंडाळतो, होडी खाडीत काढतो, थ्रॉटल पूर्ण उघडतो. इंजिनाच्या पुस्तकात पाच ते सहा हजार फेरे लिहिलेत. काटा पाच हजारांच्या जरा खालीच अडकतो. पोरगा परत येतो, आधी इंजिनाची उंची बघतो. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या बुडाच्या रेषेपेक्षा फार वर असेल, तर पंखा हवा ओढतो आणि नुसता गरगरतो. ती ठीक असते. मग तो नट सोडतो, दोन इंच कमी पिचचा पंखा चढवतो. पुन्हा फेरी. आता काटा हवा तिथे.

"आवाजावरून माका आधीच कळलेला," काका म्हणतात, "पण पंचवीस घातलंस असतंस तर ह्या काय करूचाच लागला नसता."

तुम्ही होडी घेणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा: ही चाचणी रिकाम्या होडीत करू नका. रोज जेवढी माणसं, जेवढं सामान, तेवढंच वजन आत हवं. आणि एक माणूस कमी पडला, तर काका जेटीवर असतातच. नव्वद किलो, पगार नाही.