दशमग्रह

आमच्या घरात मुलगी नाही, पण जावई आहे. तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सेलमध्ये आणलेला रंगीत प्रिंटर. आल्या दिवशी हिनं त्याला हळदकुंकू वाहिलं, मी आपट्याचं पान ठेवलं, आणि तेव्हापासून तो रुसायची कारणं शोधतो आहे. (मीही कुणाचा तरी जावई आहे, त्यामुळे पुढचं जरा जपून लिहितो.)

परवा सोसायटीची नोटीस काढायची होती. गुरुवारी पाणी नाही, बुधवारी रात्रीच भरून ठेवा, खाली सेक्रेटरी म्हणून मी. काळ्या शाईतल्या दोन ओळी. प्रिंटर म्हणाला, पिवळी शाई संपली. आता पाण्याच्या नोटिशीत पिवळं काय असणार? पण श्रीखंडावरून रुसलेल्या जावयापुढे पोळीभाजीचं ताट कितीही सरकवा, तो हात आखडूनच बसतो. हा तर स्कॅनही करून देईना. स्कॅनला शाई लागते कुठे? पण रुसवा म्हटला की तो पुरता असावा लागतो.

अस्सल कार्ट्रिजच्या किमती पाहिल्या. चारही रंगांची बेरीज नव्या प्रिंटरच्या अंगाला अंग लावून उभी होती. मेख इथेच आहे. यंत्र स्वस्तात द्यायचं आणि कमाई शाईत काढायची. लग्नात काही मागत नाहीत, दिवाळसण मात्र दर दोन महिन्यांनी.

म्हणून अप्पा बळवंत चौकाजवळच्या रिफिलवाल्याकडे गेलो. त्यानं सिरिंजनं शाई भरून दिली, घरी आणून बसवली, तर ‘ही शाई ओळखीची नाही’. परत गेलो.

“काका, अपडेट आलं होतं का?”

“आलं होतं.”

“आणि तुम्ही हो म्हणालात?”

मी गप्प.

“हो म्हणायचं नसतं, काका,” तो म्हणाला, पोलिओचा डोस चुकवलेल्या बाळाच्या आईला डॉक्टर सांगतात तसा.

कार्ट्रिजवर नखाएवढी चिप असते. तिच्यावरून प्रिंटर आपलं आणि परकं ओळखतो. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या कित्येक प्रिंटरांना एकाच सुमारास परकी शाई वर्ज्य झाली. ती तिथी आधीच्या अपडेटमध्येच पेरून ठेवली होती. ओरड झाली, कंपनीनं माफी मागितली. कशाची, तर नीट कळवलं नाही याची! ही बंदी उठवायचं वेगळं अपडेटही दिलं, हे मान्य करायला हवं.

२००९ साली अ‍ॅमेझॉननं तर कमाल केली. ज्याच्याकडे हक्कच नव्हते अशा कुणीतरी किंडल या ई-रीडरवर ऑर्वेलची ‘१९८४’ विकली होती. कंपनीनं ती विकत घेतलेल्यांच्या यंत्रांतून परस्पर पुसली. पैसे परत दिले, पण एका शाळकरी मुलानं पुस्तकावर काढलेली टिपणं निराधार झाली. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख बेझोस यांनीच पुढे या वागण्याला मूर्खपणा म्हटलं. म्हणजे व्याही रात्री मागच्या दारानं येऊन रुखवत उचलून नेणार आणि सकाळी उशाशी पाकीट सापडणार.

सगळेच व्याही असे नसतात. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियानं जाहीर केलं की आपल्या फोनांतल्या, मात्सुशिता कंपनीच्या कारखान्यात बनलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यावर तापू शकतात. आपल्याकडे फोन फुटणार अशी आवई उठली. घरोघरी लोक चष्मे लावून बॅटरी पालथी घालून तिच्यावरचा २६ अक्षर-आकड्यांचा क्रमांक वाचत होते. एक वाचायचा, दुसरा लिहून घ्यायचा. सदोष निघाली तर बदली फुकट. त्या फोनला नवीन बॅटरी घालायला पाठीवरचं झाकण अंगठ्यानं सरकवलं की पुरे. आताच्या फोनांची पाठ उघडायला दुकानवाला आधी ती तापवून डिंक सैल करतो.

नोटीस शेवटी मार्करनं लिहिली. जिन्यात लावल्यावर तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “अक्षर छान आहे हो तुमचं, उगीच छापून आणत होता.” वर येऊन प्रिंटरवर जुना टॉवेल टाकला आणि झोपलो.

रात्री बाराला हॉलमधून घरघर ऐकू आली. ही दचकून उठली. मी जाऊन पाहिलं, तर टॉवेलखाली दिवा लुकलुकत होता आणि चिरंजीव स्वतःच्या नळ्या धुऊन काढत होते. शाई आमचीच.